कर्णबधिर मुले शाळेत एवढी का दमतात?

ज्या घरात कर्णबधिर किंवा कमी ऐकू येणारे मूल आहे, त्या घरातील पालकांची एक तक्रार आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. मूल शाळेतून आले की दप्तर टाकते आणि आडवे होते. धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, कानातले यंत्र काढून बाजूला सारते. खांद्याला हात लावून उठवायला गेले तर चिडते. संध्याकाळी शिकवणीला जायचे म्हटले की रडारड सुरू. मग आई वैतागून म्हणते, "शाळेत काय दगडं फोडून आलीस?" आणि बाप म्हणतो, "नुसतं बसून तर यायचं असतं, त्यात दमायचं काय?"

या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या समाजातील पालकांना मिळावीत म्हणून हा लेख आहे. कष्ट म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी सांगायला नको. डोक्यावर पाट्या वाहिलेली आणि सफाईच्या कामावर पहाटे निघणारी माणसे घराघरांत आहेत. पण अंगातून घाम निघाला तरच ते कष्ट, असे आपण धरून चालतो. बसल्या जागी होणारे कष्ट डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते खोटे वाटतात.

ज्याला नीट ऐकू येते, त्या मुलाला ऐकण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ते खिडकीबाहेर बघत असेल, पेन्सिलीला टोक काढत असेल, तरी बाईंचे बोलणे त्याच्या कानांवर पडतच असते. निम्मे लक्ष असले तरी त्याचे भागते. कर्णबधिर मुलाचे तसे नाही. त्याची नजर हलली की धडा तुटला. कानांत जे अर्धेमुर्धे शिरते त्याला ओठांवर जे दिसते ते जोडून त्याला प्रत्येक वाक्य उभे करावे लागते.

ओठांवर दिसते तरी किती? वाचकांनी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता पान, बाण, भान आणि मान हे चार शब्द म्हणून पाहावेत. चारही वेळा ओठ सारखेच हलतात. प, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटूनच निघतात, त्यांतले कोणते ते बघणाऱ्याला कळत नाही. क, ख, ग, घ ही तर जिभेच्या मागच्या भागाने तयार होतात, ती ओठांवर उमटतच नाहीत. गणिताच्या तासाला सर 'सात' म्हणाले की 'साठ', हे ओठांवरून सांगता येणार नाही, आणि तेवढ्यावर सगळे उदाहरण चुकते. सरांना मिशा असतील किंवा तोंडात तंबाखू असेल तर मग बघायलाच नको.

म्हणजे मुलाच्या हाती जे वाक्य येते ते उंदराने कुरतडलेल्या पत्रासारखे असते. मधली भोके ते अंदाजाने भरते. मागच्या वाक्यावरून, फळ्यावरच्या एखाद्या शब्दावरून, शेजारच्या मुलाने पुस्तकाचे कोणते पान उघडले त्यावरून. हा जोड लागेपर्यंत बाईंची पुढची दोन वाक्ये निघून गेलेली असतात. ती कुठून तरी पकडायची आणि पुन्हा जोड लावायचा. हे काम पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत चालते आणि डोके एक मिनिट मोकळे राहत नाही.

"पण यंत्र आहे ना कानात?" असे पालक विचारतात. चष्मा लावला की दिसते, तसे यंत्र लावले की ऐकू येते, हा समज घरोघरी आहे. यंत्र आवाज मोठा करते. पण ते बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे आणि रस्त्यावरचे हॉर्नही मोठे करते. नव्या डिजिटल यंत्रांत गोंगाट कमी करण्याची सोय असते, शस्त्रक्रियेने बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटनेही बराच फरक पडतो. तरीही साठ मुलांच्या वर्गात, उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल तर, आवाजात आवाज मिसळून जातो. जुलै महिन्यात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की चांगले ऐकू येणाऱ्यांनाही बाईंचे बोलणे समजत नाही, मग यांचे काय? शिवाय यंत्राला अंतराची मर्यादा आहे. मोकळ्या जागेत बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याच्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. समोरासमोर दोन-तीन हातांवर जे छान ऐकू येते, ते शेवटच्या बाकावर नुसती गुणगुण होऊन पोहोचते.

आता वर्गात काय काय चालते ते पाहा. इतिहासाचे सर रांगांमधून फिरत प्रश्नोत्तरे सांगतात आणि मुले लिहून घेतात. ज्याला ओठ बघायचे आहेत त्याने वहीत मान कशी घालावी? लिहिले तर पुढचे दिसत नाही आणि पाहिले तर लिहिता येत नाही. मग ते मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि "नक्कल करते" म्हणून बोलणी खाते. बाई फळ्याकडे तोंड करून समजावतात, तेवढा वेळ यांचा धडा बंद. मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देतो, हे वळून पाहीपर्यंत तो खाली बसलेला असतो. वर्ग हसतो, तेव्हा हेही हसते, क्षणभर उशिरा. "समजलं का?" या प्रश्नावर मान डोलावते, कारण "नाही" म्हटले तर सगळे पुन्हा पाहावे लागणार आणि त्यासाठी जोर उरलेला नसतो.

आमच्या वस्तीतील आठवीतली एक मुलगी हे फार नेमके सांगते. दोन्ही कानांना यंत्रे लावून ती साध्या शाळेत जाते. ती म्हणते, "पहिले तीन तास मी बाईंकडं बघते. चौथ्या तासापासून बाई नुसतं तोंड हलवतात." बाई तशाच शिकवत असतात, मुलीच्या डोक्याने मात्र जोड लावणे सोडून दिलेले असते.

गिरणगावातल्या जुन्या मंडळींना हे चटकन कळेल. विणकाम खात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाने ओढला तर इतरांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आपली माणसे बहुतेक कताईच्या बाजूला, रिंग खात्यात. तिथल्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नसे, काम खुणांवर आणि तोंडाकडे बघून चाले. पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला पहिला तासभर कोणी बोलू नये असे वाटे, आणि घरातली बाई पोरांना गप्प करी. कर्णबधिर मूल रोज तशीच एक पाळी करून येते. फरक एवढाच की गिरणीतून आलेल्या बापाला कोणी लगेच शिकवणीला पाठवत नव्हते.

हे आमचे नुसते मत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्रेड बेस आणि बेंजामिन हॉर्न्सबी या संशोधकांनी या थकव्याचा बरीच वर्षे अभ्यास केला आहे. २०१४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात श्रवणदोष असलेल्या शाळकरी मुलांनी इतर मुलांपेक्षा अधिक थकवा असल्याचे स्वतः सांगितले होते. या संशोधनातली आणखी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जितके कमी ऐकू येते तितका थकवा जास्त, असा सरळ हिशेब तिथे लागत नाही. थोडेसेच कमी ऐकू येणारे मूलही तेवढेच दमलेले असू शकते.

आपल्याकडे नेमकी हीच मुले सुटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतील ७० डेसिबलचा दोष असेल तर ते मूल बधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर श्रवणदोष असलेले धरले जाते. सवलतींसाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. पण ४५-५० डेसिबलचा दोष असलेल्या मुलाचे काय? एका कानाने ऐकू न येणाऱ्याचे काय? त्यांच्याकडे कागद नाही, म्हणून शाळेच्या दृष्टीने त्यांना त्रासच नाही. अशा मुलांना 'लक्ष नसलेली', 'मंद', 'आगाऊ' अशी नावे पडतात.

काहींच्या बाबतीत तर दोष आहे हेच घरात माहीत नसते. वस्त्यांमधून लहान मुलांचे कान वाहणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावर तेल कोमट करून कानात घालणे हा नेहमीचा उपाय. हा उपाय बंद झाला पाहिजे. वाहणारा कान डॉक्टरांना दाखवावा. मुलांतील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जे मूल सारखे "काय?" विचारते, टीव्हीचा आवाज वाढवते, श्रुतलेखनात नको त्या चुका करते आणि शाळेतून आले की गळून जाते, त्याच्या कानांची एकदा तपासणी करून घ्यावी. तपासणीची चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात करावी. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

आता घरात काय करायचे? आपल्या समाजाला शिक्षणाची ओढ आहे आणि ती असलीच पाहिजे. पण त्या ओढीपायी दमलेल्या मुलाला आणखी जुंपले जाते. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणीत तीस मुले, दहा बाय बाराची खोली आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. म्हणजे शाळेत जे समजले नाही, ते समजण्याची शक्यता अजून कमी असलेल्या जागी पैसे भरून पाठवायचे. आमचे स्पष्ट मत आहे की अशी शिकवणी कर्णबधिर मुलाच्या काही कामाची नाही. त्यापेक्षा दोन-तीन मुलांना समोर बसवून शिकवणारी वस्तीतलीच एखादी कॉलेजातली ताई शोधावी.

शाळेतून आल्यावर तासभर यंत्र काढून मुलाला स्वस्थ बसू द्यावे. हाका मारू नयेत, प्रश्न विचारू नयेत. मोबाइल हातात देणे म्हणजे विश्रांती नव्हे, कारण कानांपेक्षा डोळे जास्त दमलेले असतात. अवघड अभ्यास रात्री दहाला घेऊन बसण्यापेक्षा सकाळी घ्यावा. आणि "समजलं का?" असे न विचारता "काय शिकलीस ते सांग" असे विचारावे, म्हणजे खरे काय ते कळते.

मूल मुलगी असेल तर गोष्ट अजून कठीण होते. आई चार घरची धुणीभांडी करून सातला येणार, तोवर पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे, भाताचे आधण ठेवणे हे सगळे तिच्याकडे. भाऊ क्रिकेट खेळायला गेला तरी चालतो. दमण्याचा हक्कही घरात सारखा वाटला जात नाही, हे आपल्या घरांतले सत्य आहे. आधी दमते, मग नापास होते, मग "हिला कुठं काय कळतंय" म्हणत नववीत शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात.

यंत्राची निगा हाही थकव्याशी जोडलेला विषय आहे. बरीच मंडळी बॅटरी वाचवण्यासाठी मुलाला यंत्र फक्त शाळेत लावायला सांगतात, किंवा नवी बॅटरी आणायला पगाराची वाट पाहतात. अर्धवट चाललेल्या यंत्राने ऐकणे म्हणजे दुप्पट मेहनत. कानाच्या यंत्राच्या साध्या गोल बॅटऱ्यांवरची चिकटपट्टी काढली की आत हवा जाते आणि बॅटरी खर्च होऊ लागते, पट्टी पुन्हा चिकटवून ती जपली जात नाही. म्हणून पट्टी गरज पडेल तेव्हाच काढावी. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत यंत्र रात्री घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावे. मूल वाढते तसा कानातला साचा सैल होतो आणि यंत्र शिटी मारू लागते. त्या वेळी मुलाला ओरडू नये, साचा नवा करून घ्यावा.

शाळेत मुख्य प्रश्न जागेचा. वर्गात कोणी कुठे बसायचे, हा आपल्यासाठी कधीच साधा प्रश्न नव्हता. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. कर्णबधिर मुलाला मागे बसवणारे शिक्षक काही विटाळ मानत नाहीत, बहुतेक वेळा उंचीप्रमाणे बसवले एवढेच त्यांचे म्हणणे असते. पण मुलापुरता परिणाम तोच, ज्ञान दुरून बघायचे. तेव्हा पालकांनी वर्गशिक्षकांना भेटून जागा मागून घ्यावी, आणि ती नीट विचार करून मागावी. अगदी पहिल्या बाकाच्या टोकाला बसलेल्याला मागची मुले दिसत नाहीत, मान वर करून करून ती दुखते. दुसरा बाक, कडेचा, जिथून सरांचे तोंड आणि वर्गातली मुले दोन्ही दिसतील, तो बरा. जो कान अधिक चांगला तो शिक्षकांकडे यावा. खिडकी शिक्षकांच्या पाठीमागे नको, कारण उजेड पाठीमागून आला की तोंड काळे दिसते. शिक्षकांनी धड्याचे मुद्दे फळ्यावर लिहावेत, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि सांगून लिहवण्याऐवजी वही द्यावी. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. शिक्षकांच्या गळ्यात माइक आणि थेट मुलाच्या यंत्रात आवाज, अशी एफएम यंत्रणाही मिळते, ती महाग असते. तिच्यासाठी शाळेने मागणी करावी.

जी मुले खुणांच्या भाषेत शिकतात, त्यांचा थकवा थोडा वेगळा. तिथे अंदाजाने जोड लावण्याचे काम नसते, भाषा पूर्ण हाती येते. पण डोळ्यांना सुटी नाही. सभा-परिषदांमध्ये खुणांचे दुभाषी जोडीने काम करतात आणि वीस-तीस मिनिटांनी एकमेकांना बदली देतात, कारण त्याहून अधिक वेळ सलग काम केले तर चुका होऊ लागतात. मोठ्या माणसांची ही गत, तर सहा तास बघत बसलेल्या मुलाला बदली कोण देणार? मध्ये मध्ये पाच मिनिटे डोळ्यांना मोकळीक देणे, बोलताना लिहायला न लावणे, हे तिथेही पाळले पाहिजे.

पुष्कळ घरांत मात्र खुणांची लाज वाटते. "हात हलवले की लोक बघतात, बोलायला शिकू दे," असे म्हणतात. ही समजूत आपल्या वस्तीत जन्मलेली नाही. १८८० साली इटलीत मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांना बोलूनच शिकवावे, खुणा बंद कराव्यात असा ठराव केला. ठराव करणाऱ्यांत स्वतः कर्णबधिर असे जवळजवळ कोणीच नव्हते. ज्यांच्याविषयी ठरवायचे त्यांना न विचारता ठरवणे, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. जगभरच्या शाळांवर त्याचा परिणाम झाला, आणि २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. तोवर १३० वर्षे गेली होती.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदोबद्ध संस्कृतात ठेवावे अशी विनंती केली. तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुज्ञा दिली. कर्णबधिर मुलाची आपली भाषा कोणती, याचा विचार या प्रसंगाच्या उजेडात करून पाहावा. भारतीय खुणांच्या भाषेचा शब्दकोश दिल्लीच्या केंद्राने २०१८ पासून प्रसिद्ध केला, २०२१ पर्यंत त्यात १०,००० शब्द झाले. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ मुलाला योग्य त्या भाषेत आणि पद्धतीने शिकवण्यास सांगते. बोलणे आणि खुणा दोन्ही येणारे मूल दमले की एकीकडून दुसरीकडे वळू शकते. निदान घरात तरी त्याला ओठ वाचत बसावे लागू नये, म्हणून आईबापांनी आणि भावंडांनी रोज पाच-पाच खुणा शिकाव्यात.

आमच्या विहारातील संध्याकाळच्या अभ्यासिकेत सध्या अशी तीन मुले येतात. आम्ही तिथे थोडे बदल केले. वेळ साडेपाचची होती ती पावणेसातची केली. सतरंजीवर रांगांऐवजी गोल बसणे सुरू केले, ट्यूबलाइट शिकवणाऱ्याच्या पाठीमागून काढून समोरच्या भिंतीवर लावली. समजावून सांगताना पंखा बंद, लिहिताना सुरू. उन्हाळ्यात इतर मुले कुरकुरतात, पण चालवून घेतात. गणित शिकवणाऱ्या तरुणाने मिशा काढायला साफ नकार दिला, मात्र ओठ दिसतील इतक्या बारीक केल्या.

जयंतीच्या आठवड्यात हा वर्ग बंद ठेवावा लागतो, कारण डीजेचे खोके विहाराच्या भिंतीला लागूनच रचले जातात. यंत्र लावलेल्या मुलांना तो आवाज अक्षरशः सोसवत नाही, आणि ज्यांचे कान आज चांगले आहेत त्यांचेही त्याने नुकसान होते. उत्सव समितीच्या येत्या बैठकीत खोके मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेण्याचा आणि रोज संध्याकाळी दोन तास ते बंद ठेवण्याचा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. महिला मंडळाने त्यावर सह्या केल्या आहेत. तरुण मंडळाच्या सह्या अजून यायच्या आहेत.